मीटर कारखान्याच्या दारात, मासा मरतो आपल्या दारात



हैदराबादला दर्या नाही. तरी आज तिथल्या मच्छीमार भावांची गोष्ट सांगतोय, कारण आपल्या खाडीची गोष्ट त्याहून वेगळी नाही.

हैदराबादच्या वेशीवर पाटणचेरू हा औषधं आणि रसायनांच्या कारखान्यांचा मोठा पट्टा आहे. त्याच्या जवळच गंडीगुडेमचा तलाव. तेलंगणातले मच्छीमारही आपल्यासारखेच सोसायटीत बांधलेले. पावसाळ्यात तलावात बीज सोडायचं, ते राखायचं आणि मासा मोठा झाला की जाळं टाकायचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये या तलावात टनांनी मासे मरून वर आले. पावसाचा आडोसा घेऊन कारखान्यांनी सांडपाणी सोडलं, असं मच्छीमारांचं म्हणणं होतं.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? आणि तिथेच आपला माणूस गप्प होतो. अधिकारी येईपर्यंत पाणी पुढे गेलेलं असतं. आपल्याकडे तर एक ओहोटी पुरते.

देशात मीटर नाहीत असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्येच जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी केंद्रांना (म्हणजे सीईटीपींना) ऑनलाइन मीटर बसवायला सांगितलं. पाण्याचा सामू, गढूळपणा, सीओडी, बीओडी असे आकडे दर १५ मिनिटांनी थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आकडे राज्य मंडळांच्या पोर्टलवर लोकांसाठी खुले ठेवायला सांगितलं. पण नाखवा, खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी ते पान उघडून पाहिलंय? आणि पाहिलं तर कळेल का?

माझ्या मते या व्यवस्थेत दोन मोठी भोकं आहेत.

पहिलं भोक असं की मीटर फक्त कारखान्याच्या किंवा केंद्राच्या तोंडाशी बसतो. रात्री एखादा टँकर नाल्यात रिकामा झाला, तर मीटर हिरवाच राहतो.

दुसरं म्हणजे, मीटर ठरलेल्या गोष्टीच मोजतो. २००७ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाटणचेरूच्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही ते एवढं नसतं. नेहमीचा ऑनलाइन मीटर हे दाखवतच नाही.

मग नाल्यात आणि खाडीत काय चाललंय ते पाहणारा दुसरा मीटर कोण? आपण. निवट्या बिळातून वर येऊन पडल्या, बोय पाण्यावर तोंड उघडून फिरायला लागली, जाळ्याला उग्र वास आला, हे आपल्याला सगळ्यात आधी कळतं. पण आपली नोंद कुठेच जात नाही. जाते ती चावडीवरच्या गप्पांत.

तारापूरचं उदाहरण समोर आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हरित लवादात धाव घेतली, लवादाचा निकाल आला जानेवारी २०२२ मध्ये. लवादाने कोट्यवधींची भरपाई लावली, पण मधली सहा वर्षं खाडीवरच्या घरांनी कशी काढली ते त्यांनाच विचारा.

म्हणून आपली मागणी एकच असावी. सामायिक नोंद प्रणाली. कारखान्याचा मीटर, सीईटीपीचा मीटर, मंडळाचे नमुने आणि मच्छीमारांची तक्रार, सगळं एकाच पानावर आणि मराठीत. त्यात एवढं तरी हवं:

• प्रत्येक सांडपाण्याच्या तोंडाला नंबर, आणि नकाशावर त्याची जागा.
• मीटर बंद पडला तर ते तास पानावर लाल दिसावेत. "तांत्रिक बिघाड" म्हणून झाकले जाऊ नयेत.
• आपण फोटो, जागा, वेळ आणि भरती-ओहोटी टाकली की टोकन नंबर मिळावा. नमुन्याचा निकाल आल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये.
• एकदा केलेली नोंद कुणालाही पुसता येऊ नये, आपल्यालाही नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. कारखानेवाले म्हणतील, मच्छीमार भरपाईसाठी काहीही लिहितील. म्हणून आपली नोंदही तपासता यावी. खरं लिहिणाऱ्याला त्याची भीती नाही. आणि हो, शहरांचं, आपल्या गावांचं गटारही याच खाडीत येतं. तेही त्याच पानावर दिसू दे.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर प्रत्येक सोसायटीने एक वही घालावी, सामू मोजायच्या पट्ट्या आणि ऑक्सिजन तपासायचं किट घ्यावं, दोन पोरं तयार करावीत. माशांसाठी पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, हा केंद्रीय मंडळाचाच निकष आहे. आपल्या खाडीत तो किती आहे, हे आज आपल्याला सांगता येत नाही. उद्या सांगता आलं पाहिजे.

मासे मेल्यावर मोर्चा काढतोच आपण. या वेळी आधी वही काढूया.