संशोधनातील स्त्रीचा हिस्सा

औषधांच्या प्रयोगाचा विषय निघाला की आमच्या वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'गिनीपिग'. हा संशय निराधार नाही. २००९-१० साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्यात आली, तेव्हा कित्येक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. हे विसरता येणार नाही. तथापि तेवढ्यावरून कष्टकरी स्त्रीने संशोधनाकडे पाठ फिरवावी, हा निष्कर्ष मला मान्य नाही. स्तनाच्या कर्करोगापुरते बोलायचे तर त्यात नुकसान तिचेच आहे.

लिडोकेनचे उदाहरण घ्या. दात काढताना टोचतात ते हे बधिरीचे औषध. जुने, स्वस्त आणि कोणाच्याही एकस्वाखाली नसलेले. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळताना कर्करोगाच्या पेशी शरीरात पसरत असाव्यात आणि आधी काही मिनिटे गाठीभोवती हे औषध टोचल्यास ते पसरणे रोखता येईल, असा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांचा कयास होता. २०११ पासून देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना नाही; कोणाला द्यायचे हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. पाच वर्षांनी औषध मिळालेल्यांपैकी शंभरात ९०.१ जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४. म्हणजे शंभरामागे जवळजवळ चार जीव, आणि औषधाची किंमत शंभर रुपयांहूनही कमी! २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता अर्थशास्त्राचा साधा प्रश्न विचारू. असा प्रयोग कोणती औषध कंपनी करील? जिथे मक्तेदारी मिळत नाही तिथे नफा नाही, आणि नफा नाही तिथे खासगी भांडवल पाऊल टाकत नाही. लिडोकेनविषयीचे हे ज्ञान आज जगातील कोणताही शल्यविशारद फुकट वापरू शकतो. ते सार्वजनिक मालमत्ता झाले, याचे कारण अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीतील एका सार्वजनिक संस्थेने पुढाकार घेतला आणि सोळाशे स्त्रियांनी आपले शरीर या कामी दिले. गरिबांसाठी स्वस्त उपचार हवेत, अशी मागणी करणाऱ्यांनी त्या उपचारांची परीक्षा गरिबांच्या सहभागावाचून कशी होणार, याचेही उत्तर द्यावे.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. मे १९९८ मध्ये टाटा रुग्णालयाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानातून मुंबईच्या गरीब वस्त्यांत मोठा अभ्यास सुरू केला. (त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा जन्मास आला, दोघे एकाच वयाचे.) ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांपैकी निम्म्यांची, दर दोन वर्षांनी एकदा याप्रमाणे चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. उरलेल्या निम्म्यांना रोगाची माहिती दिली, तपासणी नाही. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात रोग पुढच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी घट दिसली नाही. यंत्र नाही, विजेची गरज नाही. शिकवलेले हात पुरेसे ठरले.

या अभ्यासावर, विशेषतः त्याच स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीवर, टीका झाली: निम्म्यांना तपासणीविना ठेवलेच का? भारतात अशी तपासणी मुळात होतच नव्हती, म्हणून कोणाचे काही हिरावले नाही, असे उत्तर देण्यात आले. स्तनतपासणीच्या बाबतीत मला ते पटते, कारण हाताच्या तपासणीने मृत्यू टळतात की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. गर्भाशयमुखाच्या तपासणीचा उपयोग मात्र जगाला आधीच माहीत होता. तिथे शासनाची उपेक्षा हेच प्रमाण मानून मोजमाप सुरू झाले. शास्त्रज्ञांना तेवढ्यावर दोषी धरता येईल की नाही याविषयी दुमत असू शकेल, शासनाविषयी नाही.

खरा अन्याय प्रयोग संपल्यानंतरचा आहे. २०१६ साली केंद्राने तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीचा आराखडा काढला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी स्तनतपासणी झालेल्या देशभरात शंभरात एकही भरल्या नाहीत. मुंबईच्या वस्तीतील बाईने वीस वर्षे दार उघडून उत्तरे दिली; तिच्या श्रमाचे फळ रिसोडच्या मजूर बाईपर्यंत पोहोचले नाही. श्रमाचे मूल्य एकीकडे आणि उपभोग दुसरीकडे, हे सूत्र कारखान्यापुरते मर्यादित नाही.

म्हणून आपली भूमिका 'प्रयोग नको' अशी नसावी. ती अटींची असावी. २०२४ पासून वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ना उद्या तेथेही संशोधन येईल, यावेच. तेव्हा संमती कागदावरच्या अंगठ्याने नव्हे, समजावून घेतली पाहिजे; मानोऱ्याच्या तांड्यावर ती गोरमाटीत सांगावी लागेल. नकार दिला तरी उपचार अडणार नाहीत, हे तिला आधी कळावे. तपासणीला येण्याचे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी मिळावी. सोयाबीनच्या सोंगणीतला एक दिवस तिच्या घरी फार मोठा असतो. निष्कर्ष तिला तिच्या भाषेत कळवावेत आणि उपचार गुणकारी ठरला तर तो तिच्या जिल्ह्यात मिळावा.

२०१९ च्या नियमांनी नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद केली आहे. नीतिसमितीवर सामान्य नागरिकाची जागाही ठेवली आहे. ती जागा बहुधा डॉक्टरांच्या परिचयातील एखाद्या पांढरपेशा गृहस्थाला मिळते. आपल्या महिला आघाडीने तिच्यावर हक्क सांगावा. कोणत्याही चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत आहे काय, हे विचारावे. २००९ पासून ती सक्तीची आहे.

आणि दरम्यान, कोणत्याही प्रयोगाची वाट न पाहता, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन एवढे विचारावे: तीस वर्षांवरील किती स्त्रियांची स्तनतपासणी गेल्या वर्षी झाली, आरोग्यसेविकेला ती शिकवली कोणी, आणि गाठ सापडलेल्या बाईला अकोल्याला किंवा नागपूरला नेण्याची व्यवस्था कोणाकडे आहे?