घेवड्याच्या दाण्यांची शाळा

"काकू, आमचा साडेतीन वर्षांचा झाला तरी अंगणवाडीत नुसता खेळतोय. जावेची मुलगी शंभरपर्यंत आकडे लिहिते!" शेजारची सून रडवेली होऊन सांगत होती. मला हसू आलं नाही. वीस वर्षांपूर्वी मीही अशीच होते.

मुलाकडून मी शंभरपर्यंत आकडे घोटून घेतले होते. एकदा त्याला म्हटलं, "पाच वाट्या आण." पठ्ठ्यानं पाचपर्यंत म्हटलं आणि तीनच वाट्या आणल्या! आकडे पाठ होते, पण एका वस्तूला एकच आकडा, हे कळलंच नव्हतं. वहीसाठी दिलेले धपाटे आजही मला टोचतात.

म्हणून त्या सुनेच्या लेकाला मी सुपापाशी बसवलं. आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, हरभरे, वाटाणे एकत्र केले आणि म्हटलं, "सारखे सारखे वेगळे कर." त्यानं तीन ढीग केले. "आता दुसऱ्या तऱ्हेनं कर बघू." जरा थांबला आणि पट्ट्यांचे एकीकडे, बिनपट्ट्यांचे दुसरीकडे केले. "का रे?" म्हटलं तर म्हणाला, "ह्यांना वाघासारखं आहे!" (दाणे नाका-कानात जातात, तेव्हा मोठ्या माणसानं जवळ बसायचंच.)

मैत्रिणींनो, हा नुसता खेळ नाही. सारखं काय, वेगळं काय, हे पाहणारी नजरच पुढे 'व' आणि 'ब' मधली रेघ ओळखते. आधी काय, नंतर काय, हे कळलं की गोष्ट समजते. 'का' सांगता आलं की गणिताची भीती वाटत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हेच केलं. महागडी साधनं नव्हती, तर पानं, बिया, शिंपले हीच साधनं झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

लिहिणं वाईट नाही हो. बोटं तयार झाली की मूल लिहितंच. पण भरलेली वही पाहून बालवाडीची पारख करणं आपण आयांनीच थांबवायला हवं. आपण वही मागतो, म्हणून बाईही वहीच भरून घेतात.

आज मूल घरी आलं की "काय लिहिलंस?" असं विचारू नका. "काय केलंस, कसं केलंस?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा. तेवढा वेळ तर आपल्याकडे आहे ना?