तपासणीचीही तपासणी हवी

विमानतळावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सामान्य प्रवासी असो वा लक्षाधीश, झडतीच्या रांगेत उभे राहावे लागते. हा त्रास लोक मुकाट्याने सोसतात. कारण त्यामुळे आपले प्राण सुरक्षित राहतात, अशी त्यांची श्रद्धा असते. ही श्रद्धा कितपत सार्थ आहे, हे विचारण्याचा त्यांना निःसंशय अधिकार आहे.

आजवरचा अनुभव असा की, नियम हे बहुधा संकटाच्या मागून येतात. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने जोड्यात दडवलेली स्फोटके पेटविण्याचा प्रयत्न केला. पुढे अमेरिकेत सर्वांनाच जोडे उतरविण्याची सक्ती झाली आणि ती २०२५ पर्यंत टिकली. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, तो पोलिसांच्या पाळतीमुळे. परंतु जगभर प्रवाशांच्या बाटल्यांवर शंभर मिलिलिटरचे बंधन आले. आपल्याकडेही डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले, आणि त्यानंतरच विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला. बैल गेला नि झोपा केला, अशातलाच हा प्रकार.

परंतु केवळ नियम केल्याने भागत नाही, याचा दाहक धडा आपण २३ जून १९८५ रोजी घेतला आहे. त्या दिवशी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडनजीक समुद्रावर स्फोटाने उद्ध्वस्त झाले आणि ३२९ जीव गेले. ज्या पेटीत स्फोटके होती, ती व्हँकुव्हरच्या खिडकीवर एका प्रवाशाने हट्टाने पुढे पाठवावयास लावली. तो स्वतः मात्र विमानात चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बंद पडले, म्हणून हातातल्या उपकरणावर काम भागविण्यात आले. पेटी आहे पण तिचा धनी नाही, एवढी साधी गोष्टही कोणी पडताळून पाहिली नाही. यंत्र होते, पहारेकरी होते. नव्हती ती निरपवाद दक्षता.

तीस वर्षांनंतरची गोष्टही फारशी निराळी नाही. अमेरिकेच्या सरकारी तपासनिसांनी वेष पालटून लुटुपुटीची शस्त्रे व स्फोटके नेऊन पाहिली, तेव्हा सत्तरपैकी सदुसष्ट वेळा ती निर्वेध पार झाली, असे जून २०१५ मध्ये बाहेर आले. एवढ्या संपन्न देशाची ही कथा! पण त्या परीक्षेचा निकाल लोकांना कळला, म्हणूनच तेथील तपासणी खात्याच्या प्रमुखाला पद सोडावे लागले आणि कर्मचाऱ्यांना नव्याने शिक्षण देण्याचा हुकूम निघाला. अपयश झाकून ठेवले असते, तर हे घडलेच नसते.

याचा दोष पडद्यापुढे बसणाऱ्या जवानाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. हजारो निरुपद्रवी पिशव्या पाहता पाहता डोळा शिणतो, आणि क्वचित येणारी धोक्याची वस्तू नेमकी त्याच क्षणी निसटते. त्याला पुरेशी विश्रांती, वरचेवर शिक्षण आणि बड्या माणसालाही अडविण्याचे अभय हवे. ओळख सांगून वा आवाज चढवून जी झडती टळते, ती झडती नव्हेच.

म्हणून आमची सरकारला सूचना अशी आहे की, तपासणी खात्याशी संबंध नसलेल्या स्वतंत्र यंत्रणेकडून देशातील विमानतळांची गुप्त परीक्षा नियमाने घ्यावी. कोणता मार्ग कच्चा आहे, हे अर्थातच जाहीर करू नये. परंतु किती वेळा यश आले आणि किती वेळा अपयश, हा हिशेब दरवर्षी संसदेपुढे मांडावा. शाळेतल्या पोरालाही वर्षअखेर गुणपत्रक घरी दाखवावे लागते. लक्षावधींच्या प्राणांची जबाबदारी वाहणाऱ्या खात्याला त्यातून सूट कशासाठी?