ओवाळणी तिच्याच पदरातली

भाऊबीजेची ओवाळणी भावाने स्वतःच्या खिशातून घालायची असते. बहिणीच्याच डब्यातले पैसे काढून तिच्या ताटात टाकले, तर त्याला कोणी ओवाळणी म्हणणार नाही. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने नेमके हेच केले. लाडकी बहीण योजनेचा हप्ता भागवण्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख रुपये महिला व बालविकास खात्याकडे वळवले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांचाच त्यावर भडका उडाला. खात्याची गरज नसेल तर ते बंदच करा, असे त्यांनी सुनावले. यथावकाश हा वाद विझला, पण वळवावळवीची वाट मोकळीच राहिली.

या दोन खात्यांचा पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नाही. आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून, म्हणजे १९७४-७५ पासून आहे. अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७९ मध्ये आली. लोकसंख्येत जेवढा वाटा, तेवढाच विकासाच्या पैशात, हे दोन्हींमागचे सूत्र. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के आणि अनुसूचित जमाती सुमारे ९.४ टक्के आहेत. हे सूत्र का लागले, हे कोणत्याही गावात दिसते. नळाची लाइन गावभर फिरते आणि दलित-आदिवासी वस्तीच्या अलीकडे थांबते. गावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकीच्या कामांना जुंपले, ज्यांची जंगले सरकारने राखीव करून टाकली, त्यांचे देणे या पैशातून अंशतः फेडले जाते.

सरकारचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. योजनेच्या लाभार्थींत दलित आणि आदिवासी महिलाही आहेत, मग त्यांच्यापुरता खर्च त्यांच्या खात्यातून केला तर बिघडले कुठे? महिन्याचे दीड हजार रुपये मजुरी करणाऱ्या बाईला मोठा आधार आहेत, यात शंका नाही. पण हे पैसे तिला मिळतात ते राज्यातली गरजू महिला म्हणून, शेजारच्या आळीतल्या बाईला मिळतात तसेच. शेजारणीचा हप्ता सर्वसाधारण तिजोरीतून आणि हिचा मात्र हिच्या वस्तीच्या निधीतून, हा कुठला न्याय? एका हाताने दीड हजार मिळाले आणि दुसऱ्या हातातून मुलाचे वसतिगृह गेले, तर तिने आवळा घेऊन कोहळा दिला.

वळवलेल्या पैशाची झळ कुठे बसते? सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्याला तीत जेवण, खोली आणि निर्वाहासाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. पण मेसवाला महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो, खोलीमालक आगाऊ भाडे घेतो. हप्ता लांबला की मुलगा आधी एक वेळचा डबा बंद करतो, मग मित्राकडे उसने मागतो आणि शेवटी बॅग भरून गावी जातो. भूमिहीनाला जमीन देणारी दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजना, रमाई घरकुल, वस्ती सुधारणेची कामे, सगळी याच निधीवर उभी आहेत.

खेदाची गोष्ट ही की, या बाबतीत एकेकाळी महाराष्ट्र देशाला धडा देत होता. १९९२ मध्ये द. म. सुकथनकर समितीने शिफारस केली की, आदिवासींच्या वाट्याचा पैसा खात्याखात्यांत विखुरता कामा नये. तो एकत्रितपणे आदिवासी विकास खात्याच्या हाती द्यावा. १९९३-९४ पासून ते सुरू झाले आणि नियोजन आयोगाने हा ‘महाराष्ट्र पॅटर्न’ इतर राज्यांपुढे ठेवला. २०१५ मध्ये याच निधीतला ५ टक्के वाटा पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णयही इथलाच. तरीही मूळ वाट्याला कायद्याचे कुंपण घालायचे राहूनच गेले.

ते इतरांनी घातले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्ये कायदा केला. तेलंगणाच्या २०१७ च्या कायद्यात न खर्चलेला वाटा पुढच्या वर्षी नेण्याची सोय आहे. अर्थात कायदा झाला की गंगेत घोडे न्हाले, असेही नाही. कर्नाटकच्या कायद्यातले ७ (ड) हे कलम सर्वांसाठीच्या कामांवरचा खर्चही या निधीतला मानायला मोकळीक देत होते. २०२३ मध्ये ते काढले, तरी निवडणुकीतल्या हमी योजनांसाठी याच निधीला हात घातल्याचा वाद तिथे पेटलाच. त्यामुळे महाराष्ट्राने कायदा करावा, तो पळवाटा बुजवूनच. सर्वांसाठीच्या योजनेचा एक रुपयाही या निधीवर टाकता येऊ नये. ३१ मार्चला उरलेला पैसा बुडू नये, पुढच्या वर्षाच्या वाट्यात त्याची भर पडावी. दर वर्षी विधिमंडळात जिल्हावार हिशेब यावा, आणि वस्तीत झालेल्या कामाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. न झालेल्या रस्त्याची पाटी सगळ्यांत आधी वस्तीलाच दिसते.

खर्च न केल्याची जबाबदारी खात्यांनाही टाळता येणार नाही. आधी पैसा पडून ठेवायचा आणि मग ‘पडून होता म्हणून वळवला’ म्हणायचे, हे दुष्टचक्रही कायद्यानेच तोडावे लागेल.

लाडकी बहीण योजना सरकारने जरूर चालवावी. दीड हजारांचे श्रेय सरकार घेते आहे, तर बिलही सर्वसाधारण तिजोरीनेच भरावे.