एम्स कागदावर चालते, मग सिरोंच्याचे रेशन का नाही?



२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. देशभर गदारोळ उठला. पण एम्सने दारे लावून घेतली का? नाही. केसपेपर, भरती, तपासण्या हे सारे कित्येक दिवस हाताने, कागदावर चालले.

त्याआधी २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा मालवेअर जगभर पसरला. उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. वरून खंडणी मागायची, पण पैसे भरले तरी माहिती परत मिळायची नाही. नासधूस हाच त्याचा हेतू. त्या दिवशी चेर्नोबिलमध्ये किरणोत्सर्गाची मोजणीसुद्धा माणसांनी हाताने केली.

म्हणजे व्यवस्थेने मनावर घेतले तर यंत्रावाचून काम अडत नाही.

आता सिरोंच्याकडे या. गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर दूर, प्राणहिता-गोदावरीच्या काठावर. इथल्या जंगलपट्ट्यात रेंज जायला हॅकर लागत नाही. पॉस मशीनने अंगठा घेतला नाही की एकच उत्तर, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." उद्या म्हणजे आणखी एक मजुरी बुडाली. एम्सचा सर्व्हर बंद पडला की ते राष्ट्रीय संकट. आदिवासी आणि दलित बाईचे रेशन बंद पडले की ती तांत्रिक अडचण! संकटाचीही जात असते ती अशी.

आणि खरा हल्ला रेशनच्या सर्व्हरवरच झाला तर? श्रीमंताकडे पर्याय असतो. गरिबाचा हक्क मात्र एका तारेला टांगलेला.

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. आमचा विरोध हक्काला यंत्राच्या ओलीस ठेवण्याला आहे. केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना कळवले आहे की, नेटवर्क किंवा अंगठ्याच्या अडचणीमुळे धान्य नाकारू नका, वहीत नोंद करून द्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे धान्य मिळाले नाही तर भत्ता मिळण्याचा हक्क आहे.

तेव्हा तरुणांनो, गावोगावच्या रेशन दुकानात जा आणि विचारा, "नोंदवही कुठे आहे?" वही नसेल तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. सायबर सुरक्षेची आमची व्याख्या सोपी आहे. सर्व्हर पडला तरी चूल पेटली पाहिजे.

जय भीम! जय संविधान!