खोट ठेक्यात होती, यंत्रणेत नव्हे

लहान, गरीब देशाने ऑनलाइन व्हिसाच्या फंदात पडू नये, असा उपदेश एका स्तंभलेखकांनी नुकताच केला आहे. त्यांचे म्हणणे असे: अशा देशाकडे ना तंत्रज्ञ ना पैसा, सर्व्हर बंद पडला की पाहुणे विमानतळावर ताटकळतात, त्यापेक्षा शिक्का मारणारा कारकूनच बरा. पुरावा म्हणून श्रीलंकेचा दाखला.

दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. श्रीलंकेने ‘ईटीए’ हा ऑनलाइन प्रवास-परवाना २०१२च्या जानेवारीत सुरू केला. पासपोर्टवरचा तपशील घरूनच भरायचा, कार्डाने पैसे द्यायचे, मंजुरी ईमेलवर यायची. कटुनायके विमानतळावर अधिकारी पासपोर्ट तपासून शिक्का मारी. कारभार देशाच्याच इमिग्रेशन खात्याचा होता आणि तो बारा वर्षे चालला. स्तंभलेखकांना ही बारा वर्षे दिसलीच नाहीत! घोळ झाला २०२४च्या एप्रिलमध्ये, सरकारने हे काम परदेशी कंपन्यांच्या गटाला दिल्यावर. सहा महिन्यांच्या व्हिसाला ७५ डॉलर, त्यावर १८.५० डॉलर सेवाशुल्क, आणि वर पुन्हा ७.२७ डॉलर ‘सोयी’चे. सोय कोणाची झाली, हे विचारायलाच नको. मेच्या सुरुवातीला विमानतळावर एक प्रवासी भडकला, त्याची चित्रफीत देशभर फिरली, आणि तिथला काउंटर पुन्हा खात्याच्या माणसांकडे द्यावा लागला. २ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहाराला अंतरिम स्थगिती दिली. आदेश पाळला नाही म्हणून सप्टेंबरमध्ये खात्याच्या प्रमुखांची कोठडीत रवानगी झाली. त्यानंतर परत काय आले? कारकुनाची वही नव्हे. तीच जुनी ईटीए, ऑनलाइनच.

इंटरनेट न जमणाऱ्यांचे काय? ईटीएच्या काळातही विमानतळावर व्हिसा मिळतच होता. नोकऱ्या जातील ही ओरड तर बँकांत संगणक आले तेव्हापासून ऐकतो आहोत.

आमचे मागणे मोजके आहे. अर्जांची यंत्रणा, प्रवाशांची माहिती आणि शुल्क ठरवण्याचा अधिकार सरकारी खात्याच्या हाती राहावा. बाहेरची मदत लागली तर ती जाहीर निविदा काढून घ्यावी. विमानतळावरची खिडकी मात्र बंद करू नये.

ठेका रद्द करा, एवढेच स्तंभलेखकांनी म्हटले असते तर त्या मागणीखाली आम्हीही सही केली असती. ते यंत्रणाच मोडीत काढायला निघाले आहेत, आणि त्याला आमचा ठाम विरोध आहे.