लाकडी अंगाची फोर्ड

1940च्या दशकातली फोर्डची लाकडी स्टेशन वॅगन समोर आली की मी आधी तिच्या मागच्या झडपेच्या खालच्या कडेला वाकून पाहतो. पाणी तिथेच साचतं, लाकूड तिथूनच कुजायला लागतं. दुरुस्ती करणाऱ्याने जीव ओतलाय की लांबी भरून नुसतं पॉलिश मारलंय, हे तिथेच कळतं.

या गाडीचं लाकूड शोभेचं नव्हे. पुढचा भाग पत्र्याचा, पण पुढच्या काचेपासून मागे खांब, दारं, छताच्या पट्ट्या, सगळी सुतारकी. मॅपलची चौकट आणि तिच्यात बसवलेल्या पातळ प्लायच्या फळ्या. छतावर पाणी न झिरपणारं कापड ताणलेलं. या बॉडीचं लाकूड मिशिगन राज्यातल्या आयर्न माउंटनजवळच्या फोर्डच्या कारखान्यातून यायचं. तिथे कंपनीची स्वतःची जंगलं होती, स्वतःची वखार होती. उरलेल्या ढलप्या-भुशाचा कोळसा करून त्याच्या वड्या विकल्या जात. अमेरिकेत आजही खपणारा किंग्सफर्ड कोळसा तो हाच. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्याने लष्करासाठी हजारो ग्लायडर बनवली. गाडीचे सांधे जमवणारे हात विमानांच्या पंखांकडे वळले आणि युद्ध संपताच पुन्हा दारांकडे आले. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

ही गाडी मागे पडली ती देखभालीपायी. दरवर्षी घासून नवं व्हार्निश द्यायचं, सैल झालेले बोल्ट आवळायचे. पावसात लाकूड फुगणार, उन्हात आकसणार, सांधे करकरणार. 1949मध्ये प्लिमथने पूर्ण पत्र्याची वॅगन आणली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ब्यूकने 1953पर्यंत लाकूड धरून ठेवलं, मग तेही थांबलं. जुन्या वॅगन मातीमोल झाल्या. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या, लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांनी त्या उचलल्या, कारण त्यांच्या लांबलचक फळ्या आत मावत आणि किंमत खिशाला परवडे. आज संग्राहक भरमसाट पैसे मोजतात, पण यातल्या कितीतरी गाड्या भंगारातून वाचल्या त्या त्या पोरांमुळे.

आता दुरुस्तीचं. काही जण सगळं लाकूड काढून नवं बसवतात. जुना तुकडा फक्त मापाला वापरायचा आणि फेकून द्यायचा. गाडी देखणी दिसते, पण मला हे पटत नाही. कुजलेला भाग तेवढाच कापावा, त्याच जातीचं लाकूड रेषा जुळवून जोडावं, पाण्याने पडलेले काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने हलके करावेत, मग व्हार्निशचे थर द्यावेत, प्रत्येक थर वाळल्यावर घासून. वेळ दुप्पट लागतो. जोड दिसतो. दिसू द्या! आयर्न माउंटनच्या सुताराने बसवलेला सांधा आणि आजच्या कारागिराने घातलेला जोड एकाच खांबावर शेजारी-शेजारी दिसणं, यासाठी तर गाडी वाचवायची.

आपल्याकडे 1 जून 1948ला पुण्याहून अहमदनगरला निघालेल्या पहिल्या एसटीची बॉडीही लाकडीच होती, वर कापडी छप्पर. त्या काळच्या लाकडी बॉडीचा एखादा खांब, एखादी चौकट कुणाच्या जुन्या गॅरेजात किंवा परसात पडली असेल, तर ती सरपणात जाऊ देऊ नका.